व्हिसाच्या तक्त्यात तीन रकाने कमी आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी परदेशांतल्या व्हिसांचा तक्ता आला होता. देशाचं नाव, किमान मिळकत, मुदत, शुल्क, आणि वर समुद्रकाठी लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीचं चित्र. त्याच संध्याकाळी माझ्या भाचीने त्या पानाचा फोटो मला पाठवला. तीन नावांपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती: जपान, आइसलँड आणि थायलंड. खाली लिहिलं होतं, “आत्या, तू तर जाऊन राहिली आहेस. यातला कुठला घेऊ?”

मी तिला लगेच फोन केला. यातले दोन देश तिला मिळणारच नव्हते, आणि तिसऱ्याचा तिने लावलेला अर्थ चुकीचा होता. त्यात तिची काही चूक नाही. तक्ता वाचून कोणीही तोच अर्थ लावला असता. असं पान कापून जपून ठेवणारी मुलं-मुली पुष्कळ असतात, नोकरी सोडायचे निर्णय त्यावर घेतले जातात, म्हणून हे पत्र.

जपानने ३१ मार्च २०२४ पासून डिजिटल नोमॅडसाठी, म्हणजे लॅपटॉपवर काम करत देशोदेशी राहणाऱ्यांसाठी, सोय केली, हे खरं आहे. वर्षाला १ कोटी येन मिळकत आणि १ कोटी येनचा आरोग्य विमा, मुदत ६ महिने, वाढवून मिळत नाही. एवढं तक्त्यात होतं. ही सोय कोणासाठी आहे, ते मात्र नव्हतं. ज्या देशांच्या नागरिकांना जपानला जायला मुळात व्हिसा लागत नाही आणि ज्यांच्याशी जपानचा कराबाबत करार आहे, अशा ४९ देश-प्रदेशांपुरतीच ती आहे. आइसलँडचंही तसंच. महिन्याला १० लाख क्रोना मिळकत दाखवली तरी अर्ज करणारा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या केलेल्या युरोपीय देशांच्या गटात, व्हिसाशिवाय येऊ शकणारा असावा लागतो. माझ्या भाचीचा पासपोर्ट माझ्यासारखाच आहे, दोन्हीकडे आधी व्हिसा लागणारा. तिची मिळकत पुरेशी असती तरी काही फरक पडला नसता.

थायलंडच्या नावापुढे ‘५ वर्षं’ लिहिलं होतं. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला हा ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’, ज्याला सगळे डीटीव्ही म्हणतात, ५ वर्षं वैध असतो, पण एका प्रवेशावर मुक्काम १८० दिवसांचाच. शुल्क १० हजार बाट आणि खात्यात ५ लाख बाट दाखवायचे. व्हिसा चांगला आहे, मी भाचीला तसं सांगितलंही. पण ५ वर्षांचं घर आणि ५ वर्षं उघडं राहणारं दार या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस तिथे काढले की तो देश तुम्हाला करापुरता आपला रहिवासी मानतो, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई देशात आणली तर तिच्यावर कराचा प्रश्न येतो. तक्त्यात याबद्दल अवाक्षर नव्हतं.

आणखी एक चूक, जी मला सगळ्यांत जास्त खटकली. एस्टोनियाच्या रकान्यात ‘ई-रेसिडेन्सी’ लिहिलं होतं. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ई-रेसिडेन्सी म्हणजे एक डिजिटल ओळखपत्र. त्यावर कंपनी काढता येते, कागदपत्रांवर सही करता येते. त्यावर एस्टोनियात एक रात्रही राहता येत नाही. राहण्यासाठीचा डिजिटल नोमॅड व्हिसा हा वेगळा प्रकार असून तो ऑगस्ट २०२० पासून मिळतो, आणि त्याची मिळकतीची अट बरीच चढी आहे. नावात ‘रेसिडेन्सी’ आहे म्हणून शुल्क भरून बसलेला एक सहकारी मी पाहिला आहे. पैसे गेल्यापेक्षा चार महिने फुकट गेले याचं त्याला जास्त वाईट वाटलं होतं.

आता मी हे कोणत्या अधिकाराने लिहिते, ते सांगते.

मी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. नऊ वर्षं एकाच कंपनीत नोकरी केली, त्यातली शेवटची पाच पूर्ण घरून. माझी थोरली बहीण स्पेनमध्ये असते. २०२४ च्या सप्टेंबरात तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मला तिच्याजवळ राहायचं होतं आणि नोकरीही सोडायची नव्हती. माझं काम लॅपटॉपवर होतं, तिच्या घरी इंटरनेट होतं, कंपनीतल्या कोणी मला दोन वर्षांत प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. मला वाटलं, यात अडचण ती कसली?

पाहुणी म्हणून मिळालेल्या व्हिसावर मी २ ऑक्टोबरला गेले आणि २८ डिसेंबरला परतले, एकूण ८८ दिवस. बिनपगारी रजा घेतली होती. सीमेवरच्या अधिकाऱ्याने पिशवीतला लॅपटॉप पाहून विचारलं, “इथे काम करणार?” मी म्हटलं, “रजेवर आहे, बहिणीकडे आले आहे.” ते खरं होतं म्हणून माझा आवाज कापला नाही. रजा घेतली नसती तर मी काय बोलले असते, हा विचार आजही मनात येतो. पर्यटक म्हणून राहताना परदेशातल्या मालकाचं काम लॅपटॉपवर केलं तर चालतं का, याचं उत्तर प्रत्येक देशात निराळं आहे. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना ते करू दिलं आहे, पण येण्याचं मुख्य कारण काम नसावं. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून मुभा दिली, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर कराचं बघा असंही सांगितलं. कॅनडातही परदेशी मालकाचं काम पाहुणा म्हणून करता येतं. या देशांनी ते लिहून ठेवलं आहे. ज्यांनी लिहिलेलं नाही तिथे ‘सगळेच करतात’ हा आधार धरून जाऊ नये, एवढं मी तरुण वाचकांना कळकळीने सांगेन.

दिवसांच्या हिशोबाबद्दलही एक गैरसमज खोलवर बसला आहे. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. लोक समजतात की ९० दिवस झाले, एक दिवस बाहेर जाऊन आलं की नवे ९० सुरू. बहिणीकडे भिंतीवर कागदी कॅलेंडर होतं, त्यावर पेन्सिलीने फुल्या मारून मी हा हिशोब शिकले. समजा कोणी १ जानेवारी ते ३१ मार्च राहिलं. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात, म्हणून झाले ९०. आता परत पाऊल ठेवता येईल ते ३० जूनला. कारण आज जो दिवस असेल तो धरून मागचे १८० दिवस मोजायचे, आणि ३० जूनला मोजलं तर १ जानेवारी त्या पट्ट्यातून बाहेर पडतो. एक फुली गळली की एक दिवस मिळतो, दुसऱ्या दिवशी दुसरी गळते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी पद्धत आणायला सुरुवात केली. पुसट शिक्क्याचा आधार त्याने संपला.

परत आल्यावर मी रीतसर मार्ग धरला. स्पेनने डिसेंबर २०२२ च्या स्टार्टअप कायद्याने, म्हणजे २८/२०२२ क्रमांकाच्या कायद्याने, दूरस्थ काम करणाऱ्या परदेशी माणसासाठी व्हिसा सुरू केला आहे. कंपनी किमान वर्षभर चालू असावी, तिच्याशी तुमचं नातं किमान ३ महिन्यांचं असावं, पदवी किंवा ३ वर्षांचा अनुभव असावा. मिळकत तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट लागते. २०२५ मध्ये ती महिना सुमारे २,७६३ युरो होत होती. जोडीदार बरोबर असेल तर किमान वेतनाच्या ७५ टक्के आणखी, आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे २५ टक्के. माझ्याकडे हे सगळं होतं. तक्त्यात बघितलं असतं तर मी पात्र होते.

अडलं ते कंपनीच्या एका पत्रापाशी.

पहिलं पत्र दोन दिवसांत मिळालं. त्यात लिहिलं होतं, ‘यांना घरून काम करण्याची परवानगी आहे.’ कागद तपासणाऱ्या बाईंनी ‘घरून’ या शब्दाखाली बोट ठेवलं आणि विचारलं, “कोणत्या घरून?” त्यांचं बरोबर होतं. पत्रात देशाचं नाव हवं, परवानगी स्पष्ट हवी, कंपनीची स्थापना कधीची, मी कधी रुजू झाले, पद काय, पगार किती, हे सगळं हवं. दुसऱ्या पत्राला पाच आठवडे लागले, कारण ते कंपनीच्या वकिलांकडे गेलं.

वकिलांची भीती मला नंतर समजली. एखाद्या देशात बसून कंपनीचा माणूस वर्षभर काम करतो, तर कंपनीची तिथे स्थायी आस्थापना, म्हणजे व्यवसायाचं कायमचं ठिकाण, झालं असं त्या देशाचं करखातं म्हणू शकतं. तसं झालं तर नफ्याचा एक हिस्सा तिथे करपात्र होतो. मी ना करार करत होते ना विक्री, मी लिहीत होते आणि मुद्रणदोष काढत होते, तेव्हा ती भीती माझ्या बाबतीत फार लांबची होती. पण एका माणसासाठी परदेशी करसल्लागाराचं मत घ्यायला कंपनी तयार नव्हती.

त्याहून मोठी अडचण सामाजिक सुरक्षेची, म्हणजे आजारपण-म्हातारपणासाठी सरकारकडे भरायच्या वर्गणीची. नोकरदार म्हणून अर्ज केला तर स्पेन विचारतं, हिची वर्गणी कुठे भरली जाणार? दोन देशांत करार असेल तर मायदेशातून दाखला आणता येतो. माझ्या बाबतीत तसा करार नव्हता. मग कंपनीने स्पेनमध्ये नोंदणी करून माझी वर्गणी तिथे भरायची. कंपनीने नकार दिला. नकाराची ईमेल सात ओळींची होती, मी ती अजून ठेवली आहे.

ही अट जुलमी आहे असं मला लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. माझी बहीण ऑपरेशननंतर कितीतरी आठवडे कामावर नव्हती आणि तरी तिच्या खात्यात दर महिन्याला पैसे येत होते, ते याच वर्गणीतून. ज्या समाजात आपण राहणार, आजारी पडणार, म्हातारे होऊ शकतो, त्याच्या पेटीत आपलाही वाटा पडावा हे न्यायाचंच आहे. माझी तक्रार एवढीच, की ही अट कोणत्याही तक्त्यात, कोणत्याही जाहिरातीत, पहिल्या ओळीत का नसते?

मी शेवटी नोकरीचा राजीनामा दिला. १ मार्च २०२५ पासून त्याच कंपनीशी स्वतंत्र लेखिका म्हणून करार केला. रजा गेली, कंपनीचा विमा गेला, नऊ वर्षांची ज्येष्ठता गेली. ३ महिने पूर्ण व्हावे लागतात म्हणून जूनपर्यंत थांबले. फेब्रुवारीत काढलेला पोलिसांचा चारित्र्य दाखला तोवर जुना झाला, तो पुन्हा काढला, त्यावर पुन्हा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), पुन्हा मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. इथे वाचकांना एक कामाची सूचना करते: बाकी सगळे कागद हातात येईपर्यंत चारित्र्य दाखला काढू नका. तो सगळ्यांत आधी शिळा होतो.

व्हिसा ऑगस्टमध्ये हातात आला. मी पोहोचले तेव्हा दार बहिणीने स्वतः उघडलं, हातात काठी नव्हती. तिला पाहून जीव सुखावला, आणि आतून काहीतरी तुटलंही. ज्या महिन्यांसाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, ते महिने तिने शेजारणीच्या आधाराने काढले होते.

नंतर कळलं की पाहुणी म्हणून कायदेशीर मुक्कामात असतानाही स्पेनमधूनच हा अर्ज करता येतो. तो तिथल्या एका मध्यवर्ती विभागाकडे जातो, २० कामाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि मंजूर झाला तर परवाना ३ वर्षांपर्यंतचा मिळतो. वकिलातीतून गेलेल्याला व्हिसा १ वर्षाचाच. जूनमध्ये मी तिच्याजवळ जाऊन तिथून अर्ज करू शकले असते. हे मला सांगणारं कोणी भेटलं नाही, आणि मी वाचलेल्या एकाही लेखात ते नव्हतं.

इथे आल्यावर नगरपालिकेत पत्त्याची नोंद, ठसे देऊन परदेशी रहिवाशाचं कार्ड, मग ‘आउतोनोमो’ म्हणून नोंदणी. स्वतंत्र काम करणाऱ्याला इथे आउतोनोमो म्हणतात. दर महिन्याला वर्गणी, दर तीन महिन्यांनी कराचं विवरण. स्पॅनिश ग्राहकांचं काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिले की मी इथली करनिवासी. मायदेशाशी दुहेरी कर टाळण्याचा करार असला तरी विवरण दोन्हीकडे भरावं लागू शकतं. मी एका सल्लागाराला दरमहा पैसे देते आणि ते पैसे वाया जात नाहीत.

सगळे देश असे नाहीत. क्रोएशिया आपल्या डिजिटल नोमॅडकडून बाहेरच्या मालकाच्या पगारावर प्राप्तिकर घेत नाही, पण तो परवाना संपला की मध्ये काही महिने गेल्याशिवाय पुन्हा मिळत नाही. बार्बाडोसचा २०२० मधला वेलकम स्टॅम्प १२ महिन्यांचा, वर्षाला ५० हजार डॉलर मिळकत आणि एकट्या माणसाला २ हजार डॉलर शुल्क. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसाला शुल्क नाही आणि मिळकतीची अट महिना दीड हजार डॉलरची. हे सगळे एका वर्षाच्या अनुभवासाठी चांगले. पोर्तुगालचा डी-८, ज्याला किमान वेतनाच्या चौपट मिळकत लागते, आणि स्पेनचा हा, दोन्ही पुढे दीर्घ मुक्कामाकडे नेऊ शकतात. पण पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी लोकांचे परवाने पाहणारं जुनं खातं बंद होऊन आयमा नावाचं नवं आलं तेव्हा प्रलंबित अर्जांचा डोंगर त्याच्याकडे आला, आणि तिथल्या भेटीच्या तारखेसाठी लोक फार ताटकळले. वर्षभर हिंडायचं आहे की मुळं रुजवायची आहेत, हे स्वतःशी ठरवल्याशिवाय या दोन प्रकारच्या व्हिसांची तुलना करण्यात अर्थ नाही. तक्त्यात मात्र ते सगळे एकाखाली एक, सारख्याच जाडीच्या अक्षरांत होते.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती अशी. पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा चित्र थोडं लहान करा आणि तीन रकाने वाढवा. हा व्हिसा कोणत्या पासपोर्टला मिळत नाही, मुदत संपल्यावर काय होतं, आणि कर व वर्गणी कुठे भरायची. जागा कमी पडली तर देश कमी करा. तीस देशांच्या अर्धवट माहितीपेक्षा सहा देशांची पुरी माहिती माझ्या भाचीच्या जास्त उपयोगाची आहे.

आणि आपले वाचक असलेल्या मालकांना, मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्यांना एक सांगायचं आहे. तुमचा माणूस परदेशातून काम करायची परवानगी मागतो तेव्हा नकार द्यायचा असेल तर पहिल्या आठवड्यात द्या, लेखी द्या, कारण द्या. ‘बघू’ या शब्दाने माझे दोन महिने खाल्ले. पहिल्याच आठवड्यात नकार मिळाला असता तर स्वतंत्र कराराचे माझे ३ महिने जानेवारीतच सुरू झाले असते, आणि बहीण काठी टेकत असतानाच मी तिच्याजवळ असते.

भाचीने सध्या थायलंडची खूण ठेवली आहे, बाकी दोन खोडली आहेत. कंपनीकडे पत्र मागायला ती पुढच्या आठवड्यात जाणार आहे. पत्रात कोणतं वाक्य हवं, ते तिने मला लिहून मागितलं. मी दिलं तेच इथे देते, कोणाला लागलं तर घ्यावं: ‘श्रीमती अमुक या तमुक तारखेपासून आमच्याकडे तमुक पदावर असून, त्यांचं काम पूर्णपणे संगणक व दूरसंचाराच्या साधनांनी होतं, आणि तमुक देशात राहून ते करण्यास आमची या तारखेपासून या तारखेपर्यंत स्पष्ट परवानगी आहे.’ देशाचं नाव गाळलेलं पत्र घेऊन निघू नकोस, म्हणून तिला दोनदा बजावलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)